बाबांनी चाखलेली वाईन

मी मुळात भित्रा माणूस. साप, वीज, पोलीस, मास्तर या सगळ्यांना मी आयुष्यभर रीतसर घाबरत आलो आणि आता त्याची लाजही वाटेनाशी झाली आहे. पण अकोल्यातल्या त्या उन्हाळ्यात मी जेवढा भ्यालो, तेवढा त्याआधी कधी नाही आणि नंतरही नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचं लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता आणि बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अकोल्याला गेली होती. मी आणि बाबा शेंदूरजनाघाटला आमच्या संत्र्याच्या बागेत. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा बाबांनी गावात साखर वाटली. मग दुसरा निरोप आला, की बाळ बरं आहे, बाळंतिणीचं काही खरं दिसत नाही, लवकर निघा. भर उन्हाळ्यात, आंबिया बहाराची फळं झाडावर असताना, आमच्याकडे कोणी बाग सोडून जात नाही. पाण्याची एक पाळी चुकली की फळ गळतं. बाबांनी मोटेचे बैल शेजाऱ्याच्या हवाली केले आणि पायांत जोडा घातला. तेव्हाच मला कळून चुकलं की प्रकरण साधं नाही.

मोटारीने अमरावती, तिथून बडनेरा आणि पुढे आगगाडी. एवढ्या वाटेत बाबा माझ्याशी पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलले, मोटारवाल्याच्या हुशारीबद्दल बोलले, पण सुनेबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. त्या काळी मुलगा बापासमोर स्वतःच्या बायकोचं नाव तर सोडाच, तिची चौकशीसुद्धा करत नसे. तिला ताप आला तर तो घरातल्या बायकांना दिसायचा, मला नाही. बापासमोर बायकोची काळजी दाखवणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सासुरवाडीला पोचलो तर घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, म्हणून मी ओसरीवरूनच आत पाहिलं. अंधारात बाज होती आणि बाजेवरून एक हात खाली लोंबत होता. तो हात हळदीच्या पाण्यात बुडवून काढावा तसा पिवळा होता. तो तिचाच हात आहे हे मला बांगड्यांवरून ओळखावं लागलं.

डॉक्टर आले होते. ते बोलले बाबांशी, कारण मोठे बाबा होते. मी खांबाआड उभा राहून ऐकत होतो. रक्त फार गेलं आहे, म्हणाले. ताप उतरला, पण पोटात पेजसुद्धा टिकत नाही. आता अंगात काही जायला लागलं तरच आशा. जुनी विलायती लाल वाईन मिळाली तर दोन दोन चमचे द्या, त्याने पोट धरेल आणि भूक लागेल. त्या काळचे डॉक्टर तसं देत असत. पण लढाईमुळे विलायतेचा माल बंद झाला होता. औषधाच्या दुकानदाराने तर सांगितलंच, की अकोल्यात नाही आणि नागपूरलाही मिळायची नाही.

"कापसाच्या जिनिंगचे जुने मॅनेजर आहेत, पारशी," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याकडे असेल. पण चाखून घ्या. जुनी बाटली आतल्या आत बिघडते. बिघडलेली असली तर एक थेंब देऊ नका. आता एखादी जोराची उलटी झाली तर तिला झेपायची नाही."

"त्याइलेच चाखाले सांगू ना," बाबा म्हणाले.

"त्यांचं नाक गेलंय. त्यांना चवही कळत नाही. मी आलो असतो, पण खेड्यात पटकी आहे, मला निघायला हवं. आणि खरं सांगू का, मला त्यातलं काही समजतही नाही."

बाबांचा हात गळ्याशी गेला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मोझरीच्या महाराजांच्या भजनाला जाऊन आल्यापासून तर त्यांनी पोरासोरांना तंबाखूवरूनही ओरडायला सुरुवात केली होती. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार.

"गिळा नाई लागत ना?"

"नाही. तोंडात फिरवून थुंकून टाका."

"मंग मी चाखतो," बाबा म्हणाले.

मला एकदम हायसं वाटलं. बाबांची जीभ आमच्या मुलखात माहीत होती. स्वतःची बाग होतीच, शिवाय ते दुसऱ्यांच्या बागांचा बहार झाडावरच विकत घ्यायचे. बागेच्या मधोमध जाऊन एक संत्रं तोडायचं, एक फोड तोंडात टाकायची आणि त्या एका फोडीवरून अख्ख्या बागेचा सौदा ठरवायचा. कुठल्या झाडाला पाणी जास्त झालं आणि कुठल्या फळाला वरून रंग आहे पण आत रस नाही, ते त्यांना कळायचं. फक्त एक गोष्ट होती. फळ कितीही गोड असो, फोड तोंडात गेली की बाबा तोंड वाकडं करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "आंबट हाय." सगळेच घेणारे तसं करतात. घ्यायला आलेल्या माणसाने मालाची तारीफ करायची नसते. बागवालाही ते ओळखून असतो आणि हसून म्हणतो, आंबट तर आंबट, भाव बोला.

पारशी बावाजींचा बंगला बंद पडलेल्या जिनिंगला लागून होता. म्हातारा एकटा राहायचा, पांढरा सदरा, हातात काठी. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे.

"दोन बाटल्या राहिल्या हायत," ते म्हणाले. "माझी बायडी होती तवा आणलेल्या. पिणार कोण? जिनिंगमधी सारी जिंदगी रुई उडाली, नाक माझा तिच्यातच गेला. आता गुलाब आणि घासलेट मला सारखाच."

बाटल्या घरात नव्हत्या. अकोल्याच्या उन्हात घरात ठेवलेली वाईन एका उन्हाळ्यात संपते, असं ते म्हणाले. त्यांच्या विहिरीच्या बांधकामात, पाण्याच्या वर, कोनाडे ठेवलेले होते. तिथे त्यांनी बाटल्या आडव्या निजवून ठेवल्या होत्या. गडी दोराने खाली उतरला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन्ही वर घेऊन आला.

पहिलीचं बूच सुकून आत गेलं होतं आणि बाटली अर्धी झाली होती. तिचं बूच काढल्याबरोबर शिरक्याचा आंबूस भपकारा ओसरीभर पसरला. ती चाखायची गरजच नव्हती. बावाजींना वास येत नव्हता, पण आमची तोंडं बघून त्यांनी ती मोरीत ओतून टाकली.

आता उरली एकच. बावाजींनी तिला हलवू दिलं नाही. एका बाजूला काळसर गाळ धरला होता. तो मिसळला तर कडू होईल, म्हणाले. त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावली, बाटलीची मान ज्योतीसमोर धरली आणि अगदी धारेला धार लावून काचेच्या पेल्यात थोडी ओतली. म्हाताऱ्याचा हात एरवी कापत होता, ओतताना कापला नाही. मग पेला पांढऱ्या रुमालावर तिरका धरून त्यांनी निरखला.

"रंग तर चांगला दाखवते. मधी डाळिंब, कडेला वीट. जुनी अशीच पाहिजे. एकदम तांबडी असती तर कच्ची, एकदम तपकिरी असती तर मेलेली. आता तुमी वास घ्या, शेटजी. टोचते काय?"

बाबांनी पेला नाकाशी नेला. खूप वेळ धरून ठेवला. "हाये कायतरी," एवढंच म्हणाले.

"आता तोंडात."

बाबांनी डाव्या हाताने माळ मुठीत धरली आणि घोट घेतला. गालांत फिरवला. मोरीत थुंकले. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, एक डोळा बारीक झाला आणि ते म्हणाले, "आंबट हाय. गेली हे."

बावाजींनी मान डोलावली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी बाटली उचलली आणि मोरीकडे वळले. बिघडलेला माल घरात ठेवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता असावा.

आणि मी नुसता उभा. ते तोंड मी लहानपणापासून शेकडो सौद्यांत पाहिलं होतं. ते खरं आंबट लागल्याचं तोंड होतं की घेणाऱ्याचं तोंड होतं? बाबांनी सवयीने तसं केलं असेल तर तिचं औषध आता माझ्या डोळ्यांदेखत मोरीतून वाहून जाणार. आणि खरंच आंबट असेल, मी मध्ये पडलो आणि ती घरी नेली, तर तो चमचा तिला घेऊन जाणार. शिवाय बोलायचं म्हणजे कोणासमोर? बापाच्या जिभेवर शंका घ्यायची, तीही परक्याच्या घरात, तीही बायकोसाठी. बाटलीचं तोंड मोरीवर वाकलं, काचेत ती लाल रेघ पुढे सरकली आणि मी ओरडलो.

"थांबा! मले चाखू द्या."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "तुले काय समजते त्यातलं?"

"काईच नाई समजत. पन माह्या बायकोले द्याचं हाय ते."

बोलून गेलो आणि कानशिलं तापली. बाबांसमोर 'माझी बायको' हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण बाबांनी मान खाली घातली.

बावाजींनी पुन्हा मेणबत्तीपाशी जाऊन थोडी ओतली. मी पेला हातात घेतला. आधी वास घेतला. ओल्या मोटेच्या कातड्याचा वास होता, त्यामागे मनुकांचा आणि त्याहीमागे जुन्या लाकडी पेटीचा. पहिल्या बाटलीसारखं नाकात टोचत नव्हतं. की टोचत होतं आणि मलाच नको होतं? घोट घेतला. आंबट तर होतंच. मी घाबरून बावाजींकडे पाहिलं.

"भिऊन चाखू नको," ते म्हणाले. "आंबट समदीच असते. संत्रा आंबट नसतो? कसा आंबट ते सांग. गाल आत ओढते काय, जांभूळ खाल्ल्यावानी?"

ओढत होतं. जीभ कोरडी पडली होती, हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या होत्या. मी थुंकलो.

"आता थांब. तोंडात काय राहिला?"

मी थांबलो. आंबटपणा गेला आणि त्याच्या जागी मनुका आल्या. गडी अंगणात बादली ओढत होता. बादली वर आली, त्याने ती हौदात ओतली, पुन्हा सोडली, तरी ती चव तोंडात होती. मी तसं सांगितलं.

"शिरका झाली असती तर घसा खरवडून निघून गेली असती. मागे काय राहत नाही," बावाजी म्हणाले. "पण मी कसम नाही खाणार, पोरा. नाक माझा नाही, बायको माझी नाही. तू चाखला, तू ने."

हेच मला नको होतं. कोणीतरी मोठ्याने, जाणत्याने, 'ने, काही होत नाही' असं म्हणावं म्हणून मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. कोणी म्हणालं नाही. मग मी पेल्यात उरलेली सगळी गिळून टाकली. काही व्हायचं असेल तर आधी माझ्या पोटात होऊ दे. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. ऊन भिंतीवरून उतरलं. मला घाम फुटत होता, छाती धडधडत होती आणि हे वाईनने की भीतीने ते समजायला मार्ग नव्हता. पोटात मात्र काही झालं नाही. बावाजींनी बाटलीला नवं बूच लावून ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली.

टांग्यात मी ती मांडीवर आडवी धरली होती. अर्ध्या वाटेत बाबा बोलले.

"मले काईच लागलं नाई, बाबू."

मला आधी समजलंच नाही.

"तोंडात चवच नाई. निरोप आला त्या दिवसापासून भाकर खातो त मातीच लागते. ते लाल पानी तोंडात घेतलं, त तेही तसंच. आंबट नाई, गोड नाई, काईच नाई."

"मंग आंबट हाय म्हनून काहून सांगतलं?" माझा आवाज चढला. टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. "सांडून देत होता ना बावाजी! काहून सांगतलं?"

"चांगली हाय म्हनलो असतो अन पोरीले काई झालं असतं, त? आंबट म्हनलं की मानूस घेत नाई. घेतलंच नाई, त निदान माह्या हातानं त काई नाई झालं."

मला इतका राग आला की टांग्यातून उतरून चालत जावंसं वाटलं. पण तो राग टिकला नाही. कारण त्याच्यामागून भीती आली. आतापर्यंत मनाच्या कोपऱ्यात एक आशा होती की बाबांना निदान काहीतरी कळलं असेल. आता कळलं की या बाटलीमागे फक्त माझी जीभ आहे. ज्या जिभेला जन्मात संत्र्याखेरीज कशाची पारख नाही, ती. आणि बाजूला बसलेला माझा बाप, ज्याला मी जगात सगळ्यात धीराचा समजत होतो, तो माझ्याइतकाच भ्यालेला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "तुमी चाखून पायली ना, याहीबुवा?"

बाबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "हो," म्हणाले. "चाखली."

सासूबाई आत गेल्या. चमच्यावर चमचा वाजल्याचा आवाज आला. आत काहीतरी कुजबुज झाली. बायकोचा आवाज इतका बारीक होता की शब्द कळले नाहीत, फक्त तिने काहीतरी विचारलं आणि सासूबाईंनी काहीतरी सांगितलं एवढंच. मग शांतता. मी ओसरीवर उकिडवा बसून कान आत लावून होतो. प्रत्येक खोकला मला उलटीसारखा ऐकू येत होता. मूल रडलं तरी दचकत होतो. बाबा अंगणात येरझारा घालत होते आणि मध्येच थांबून खोलीकडे बघत होते, ज्या खोलीकडे सासऱ्याने बघू नये असं त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. दिवेलागण झाली. उलटी झाली नाही. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, निजली.

दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात पेज टिकली. त्यानंतर वरण. ती वाईनने सावरली की तिच्या मुळातल्या काटकपणाने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही आणि मी कधी त्या वादात पडलो नाही. भीती मात्र लगेच गेली नाही. रोज प्रत्येक चमच्याआधी मी बाटली उघडून वास घ्यायचो, आणि रोज वाटायचं, आज बिघडली असेल.

बाटली संपायला आली तेव्हा ती उठून बसायला लागली होती. आम्ही गावी परतायच्या दिवशी बाबा खोलीच्या दाराजवळ गेले. आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सासऱ्याने सुनेशी बोलायची आणि सुनेने सासऱ्याला उत्तर द्यायची आमच्याकडे रीत नव्हती. लग्न झाल्यापासून त्या दोघांत एक वाक्य झालेलं नव्हतं.

"पोरी," बाबा म्हणाले, "लय त्रास झाला वं तुले?"

आत बांगड्या वाजल्या. तिने पदर डोक्यावर घेतला असणार.

"भेव लय वाटे, मामाजी," ती म्हणाली. "ते लाल औषध आनलं ना, त मले वाटलं, आता शेवटचं काई तरी देऊन राहिले. मी तोंडच मिटून घेतलं होतं. मंग आई म्हने, तुह्या सासऱ्यानं चाखून आनलं. म्हनून पेली मी. तुमी चाखलं, म्हंजे ते चांगलंच असन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. त्यांनी चौकटीला हात टेकला, हळूहळू खाली उंबऱ्याबाहेर बसले आणि धोतराचा सोगा डोळ्यांना लावून म्हणाले, "बरं केलं, पोरी. पेली ते बरं केलं."